जुन्या रॅली-मोटारीचे अस्सलपण : पुरावा, परंपरा आणि कायदा
(पेण-रोहा परिसराच्या संदर्भात)

प्रास्ताविक

पेण शहराचे नाव गणेशमूर्तींमुळे सर्वत्र परिचित आहे. मूर्ती रंगवून पूर्ण झाल्यावर ती शाडूची आहे की प्लॅस्टरची, हे केवळ दर्शनी भागावरून सांगणे अवघड असते. जाणकार कारागीर मूर्ती उचलून तिचे वजन अजमावतो, तळाची न रंगवलेली बाजू पाहतो आणि मगच निर्णय देतो. रंग सत्य झाकतो व तळ ते उघड करतो, हा या व्यवसायातील व्यवहारी धडा आहे. याच पेण शहरात रायगड जिल्ह्याचे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय असून 'एमएच-०६' ही संज्ञा त्या कार्यालयाची आहे. एखाद्या जुन्या मोटारीची कागदपत्रे अशा कार्यालयासमोर येतात, तेव्हा तेथेही प्रश्न याच जातीचा असतो. समोर असलेली वस्तू ती जी असल्याचा दावा करते, तीच आहे काय?

हा प्रश्न सर्वच जुन्या वाहनांबाबत संभवतो. परंतु रॅलीत धावलेल्या मोटारीच्या बाबतीत तो विशेष गुंतागुंतीचा होतो. बंदिस्त वर्तुळावरील शर्यतीपेक्षा रॅली वेगळी असते. ती ठरावीक वेळेच्या टप्प्यांनी, बऱ्याच अंशी सार्वजनिक रस्त्यांवरून चालते. त्यामुळे रॅली-मोटारीला रस्त्यावर चालण्याची रीतसर नोंदणी असावी लागते आणि त्याच वेळी ती स्पर्धेच्या तांत्रिक नियमांतही बसावी लागते. म्हणजेच अशा मोटारीला दोन ओळखी असतात. एक परिवहन खात्याच्या दप्तरातील व दुसरी स्पर्धेच्या नोंदींतील. या दोन ओळखी एकाच धातूच्या सांगाड्यावर जुळतात किंवा नाही, हे तपासणे म्हणजेच अस्सलपणाची परीक्षा होय. प्रस्तुत लेखात या परीक्षेची संकल्पना, पद्धती आणि भारतीय कायद्यात तिला पडणारी मर्यादा यांचा विचार केला आहे.

'मूळ' आणि 'अस्सल' : संकल्पनांचा भेद

मिलिंदपञ्हो या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला रथाविषयी विचारतो. आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? प्रत्येक प्रश्नाचे उत्तर नकारार्थी येते. तरीही रथ आहे, हे राजाला नाकारता येत नाही. सुट्या भागांच्या बेरजेवरून वस्तूची ओळख ठरत नाही, हा त्या संवादाचा आशय जुन्या मोटारींच्या चर्चेत आजही तितकाच उपयुक्त ठरतो.

या संदर्भात १९९० साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयात झालेला एक खटला जगभर आधारभूत मानला जातो. 'ओल्ड नंबर वन' या नावाने प्रसिद्ध असलेल्या बेंटले मोटारीने १९२९ व १९३० अशा लागोपाठ दोन वर्षी ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे तिच्यात अनेक बदल झाले. इंजिन बदलले, बॉडी बदलली, आणि १९३२ साली ब्रुकलंड्सच्या शर्यतीत तिला प्राणघातक अपघातही झाला. साठ वर्षांनी सुमारे एक कोटी पौंडांचा तिचा सौदा ठरला, तेव्हा ही मूळची मोटार उरलेलीच नाही, अशी भूमिका घेऊन खरेदीदाराने व्यवहार नाकारला. न्यायमूर्ती ओटन यांनी बारकाईने शब्दभेद केला. १९२९-३० च्या मोटारीचा फारच थोडा अंश उरल्याने तिला 'मूळ' म्हणता येणार नाही. परंतु तिचे अस्तित्व मध्ये कधीही खंडित झालेले नसल्याने व तिच्या जागी दुसरी कोणतीही मोटार हा दावा करू शकत नसल्याने ती 'अस्सल' ओल्ड नंबर वनच होय, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. त्यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला.

या निर्णयाच्या आधारे चार संज्ञा स्पष्ट करता येतात. ज्या मोटारीचे प्रमुख भाग जन्मापासून तेच आहेत ती 'मूळ'. जिचे भाग बदलले परंतु अस्तित्वाची साखळी तुटली नाही ती 'अस्सल'. नष्ट झालेल्या मोटारीचे काही अवशेष घेऊन पुन्हा उभारलेली ती 'पुनर्बांधित'. आणि जिचा त्या मोटारीशी केवळ रूपाचा संबंध आहे ती 'प्रतिकृती'. यांपैकी कोणतीही संज्ञा अपमानास्पद नाही. प्रतिकृती ही प्रतिकृती म्हणून विकली गेली, तर त्यात अप्रामाणिक असे काही नसते. एका संज्ञेची वस्तू दुसऱ्या संज्ञेच्या मोलाने विकली जाते, तेव्हाच फसवणूक घडते.

रॅली-मोटारीचा विशेष पेच

घरगुती वापराच्या जुन्या मोटारीत जितके कमी बदल, तितके तिचे मोल अधिक, असा सर्वसाधारण नियम सांगता येतो. रॅली-मोटारीला मात्र हा नियम उलटा लागू होतो. कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर तिच्यात स्पर्धेसाठी बदल झाले, म्हणूनच ती रॅली-मोटार ठरली. इंजिनाखाली दगडांपासून संरक्षण देणारा जाड पत्रा, पुढील जादा दिवे, सांध्यांवर मारलेले जादा वेल्डिंग, अंतर मोजणारे 'हाल्डा'सारखे यंत्र, सहचालकासाठी नकाशा वाचण्याचा दिवा, मोठी इंधनटाकी ही तिची लक्षणे होत. हे बदल काढून तिला कारखान्यातल्यासारखे 'शुद्ध' केले, तर तिचा इतिहासच पुसला जाईल.

दुसरा पेच बॉडी-शेलचा आहे. १९६० व १९७० च्या दशकांत मोठ्या कंपन्यांचे स्पर्धा-विभाग अपघातात वाकलेल्या मोटारीचा सांगाडा टाकून देत, नव्या सांगाड्यावर जुने भाग चढवीत आणि नोंदणी-क्रमांक मात्र तोच ठेवीत. ब्रिटनमधील ॲबिंग्डन येथून चालणाऱ्या बीएमसीच्या मिनी कूपर मोटारी व बोरहॅम येथील फोर्डच्या एस्कॉर्ट मोटारी यांबाबत ही प्रथा सुपरिचित आहे. प्रसंगी एकीचा क्रमांक दुसरीवर चढविला जाई. परिणामी त्या काळच्या छायाचित्रात दिसणारी क्रमांक-पाटी त्या दिवशी ती पाटी त्या रस्त्यावर होती, एवढेच सिद्ध करते. पाटीमागील धातू कोणता होता, हे छायाचित्र सांगू शकत नाही.

तिसरा पेच 'नियमानुसार असणे' आणि 'अस्सल असणे' यांतील गल्लतीचा आहे. १९६६ च्या माँटे कार्लो रॅलीत पहिल्या तीन क्रमांकांवर आलेल्या मिनी कूपर मोटारी पुढील दिव्यांच्या नियमभंगावरून बाद ठरविण्यात आल्या. त्या मोटारींच्या अस्सलपणाविषयी कोणालाही शंका नव्हती. तरी त्या नियमात बसल्या नाहीत. याच्या उलट, आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ (एफआयए) ऐतिहासिक मोटारींना जे तांत्रिक पारपत्र देतो, ते संबंधित मोटार त्या काळच्या तांत्रिक तपशिलांशी जुळते, एवढेच सांगते. ती मोटार इतिहासातील अमुक एक मोटार आहे, याची हमी ते देत नाही. असे पारपत्र दाखवून अस्सलपणाचा दावा करणे हा साधनाचा चुकीचा वापर होय.

मुंबईहून गेलेला एक दाखला : १९६८

महाराष्ट्राच्या भूमीशी थेट संबंध असलेला या विषयातील महत्त्वाचा दाखला म्हणजे १९६८ ची लंडन-सिडनी मॅरेथॉन रॅली होय. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथून ९८ मोटारी निघाल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा प्रवास करून त्या दिल्लीत व तेथून इंदूरमार्गे मुंबईत पोहोचल्या. मुंबईपर्यंत टिकलेल्या ७२ मोटारी 'चुसान' या जहाजावर चढवून ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरात नेण्यात आल्या. अँड्र्यू कोवन व त्यांच्या दोन साथीदारांच्या हिलमन हंटर मोटारीने ही रॅली जिंकली, तर ५६ मोटारींनी सिडनीपर्यंतचा प्रवास पूर्ण केला.

आता समजा, रोह्यातील एखाद्या जुन्या वाड्याच्या पडवीत त्याच सुमाराची एक परदेशी मोटार आढळली आणि ती १९६८ च्या रॅलीतील असल्याचे कोणी सांगितले. हे उदाहरण कल्पित असले, तरी त्यावरील तर्क वास्तव आहे. मुंबईत पोहोचलेल्या मोटारी जहाजाने पुढे गेल्या. म्हणून भारतात राहून गेलेली मोटार ही वाटेत बाद झालेल्या २६ पैकी एक असावी, किंवा रॅलीनंतर पुन्हा आयात झालेली असावी. पहिल्या शक्यतेत ती नेमकी भारताच्या हद्दीत बंद पडली होती, हे दाखवावे लागेल. अशा प्रवासातील परदेशी वाहने सामान्यतः 'कार्नेट' या तात्पुरत्या आयातीच्या पत्रावर देशात येतात व मुदतीत बाहेर जाणे बंधनकारक असते. त्यामुळे येथे राहिलेल्या वाहनामागे सीमाशुल्काचा काही तरी माग असणे अपेक्षित आहे. दुसऱ्या शक्यतेत आयातीचा परवाना व त्यानंतरची भारतीय नोंदणी लागेल. स्पर्धक-यादीतील नोंदणी-क्रमांक, त्या वाहनाच्या मूळ देशातील नोंदणी-दप्तरातला चॅसिस क्रमांक आणि पडवीतील मोटारीच्या धातूवरील क्रमांक या तिन्हींचा मेळ बसल्याखेरीज दावा पुढे सरकत नाही. पडवीत सापडली, धूळ खात पडली होती, घरातील वडीलधारी मंडळी तसे सांगत असत, हे सर्व ऐकण्यास गोड वाटते. पण ते पुराव्याचा आरंभ असते, शेवट नव्हे.

परीक्षेच्या तीन कसोट्या

ऐतिहासिक दस्तऐवजाची बाह्य व अंतर्गत चिकित्सा करण्याची पद्धत इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. तीच पद्धत येथे कागद, धातू आणि परंपरा अशा तीन कसोट्यांत मांडता येते.

(अ) कागदाची कसोटी : कागदावरील मजकुराइतकेच त्यातील काळाचे संदर्भ महत्त्वाचे असतात. या बाबतीत स्थानिक इतिहासाचे साधे ज्ञान फार उपयोगी पडते. रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा असे होते. म्हणून १९७५ सालच्या म्हणविल्या जाणाऱ्या पावतीवर 'रोहा, जिल्हा रायगड' असा छापील पत्ता असेल, तर ती पावती नंतर तयार केलेली आहे. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. १९६८ च्या पत्रात पेणचा सहा अंकी पिनकोड असणे अशक्य आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. त्यापूर्वीचे दाखले १९३९ च्या अधिनियमाखालील असले पाहिजेत. सतरा चिन्हांच्या वाहन-ओळख क्रमांकाची आंतरराष्ट्रीय पद्धत १९८० च्या दशकात स्थिरावली. १९६० च्या दशकातील मोटारीवर असा क्रमांक असणे संशयास्पद ठरते. बनावट कागद तयार करणारा सही व शिक्क्याची काळजी घेतो, पण भूगोल व प्रशासन यांतील असे बारकावे त्याच्या हातून निसटतात.

मात्र कागदातील प्रत्येक विसंगती म्हणजे लबाडी, असेही मानू नये. हाताने लिहिलेल्या नोंदवहीवरून नक्कल उतरवताना किंवा ती नोंद संगणकात घेताना अंकांची उलटापालट संभवते. ३ चा ८ होतो, १ चा ७ होतो. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत लेखकाचा पाठ व लेखनिकाचा प्रमाद यांत जसा भेद केला जातो, तसाच तो येथेही करावा लागतो.

(आ) धातूची कसोटी : चॅसिस क्रमांक कोठे व कोणत्या ठशाने कोरला जाई, हे प्रत्येक उत्पादकाबाबत ठरलेले असते. अंकांची घडण, खोली व अंतर त्याच काळातील दुसऱ्या निःसंशय मोटारीशी ताडून पाहावे लागते. क्रमांकाभोवतीचा पत्रा कापून जोडलेला नाही ना, हे आतल्या बाजूने पाहावे. कारखान्यात पत्रे ठिपक्यांच्या वेल्डिंगने जोडले जात. सांध्यावर सलग वेल्डिंग दिसल्यास ते रॅलीसाठी त्या काळी केलेले बळकटीकरण आहे की नंतरची दुरुस्ती आहे, हे त्यावरील रंगाच्या थरांवरून समजते. रंगाची जाडी मोजणारे उपकरण दरवाजावर एक व छतावर भलताच आकडा दाखवू लागले, तर खाली लांबी भरली आहे असे समजावे. लोहचुंबकाचा साधा तुकडादेखील हे काम बऱ्याच अंशी करतो.

रॅलीच्या खुणा बहुधा दुर्लक्षित जागी टिकतात. जादा दिव्यांसाठी पाडलेली व नंतर बुजविलेली छिद्रे, अंतरमापक यंत्राच्या तारेची वाट, तळाच्या संरक्षक पत्र्याचे जोड, गालिच्याखाली राहिलेला जुना रंग या गोष्टी नंतर मुद्दाम तयार करणे कठीण असते. कारण त्या तेथे असतील, हे नकलाकाराच्या ध्यानी येतच नाही. उलट अति-पूर्णता ही स्वतःच संशयाची जागा आहे. छायाचित्रात दिसणारी प्रत्येक गोष्ट मोटारीवर आहे आणि छायाचित्रात न दिसणारी एकही खूण नाही, अशी मोटार बहुधा छायाचित्रावरूनच बनविलेली असते.

कोकणाचे हवामान या कसोटीत साक्षीदाराची भूमिका बजावते. पेणच्या आसपासचा खारेपाट व अंबा नदीची खाडी, रोह्याजवळून वाहणारी कुंडलिका, आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस यांमुळे पत्रा खालून व आतून गंजतो. दशकानुदशके या परिसरात उभी असल्याचे सांगितले जाते, त्या मोटारीचा तळ, चाकांवरील कमानी व दरवाजांच्या कडा निष्कलंक असतील, तर दोनच शक्यता उरतात. एक तर ते पत्रे बदललेले आहेत, किंवा मोटार येथे तितका काळ नव्हती. पत्रा बदलणे हा दोष नाही. कोकणात ती अनेकदा अपरिहार्य दुरुस्ती असते. ते लपविणे मात्र दोष आहे. म्हणून दुरुस्ती करताना काढलेला गंजका पत्रा, विशेषतः क्रमांक असलेला भाग, फेकून न देता जतन करणे आणि प्रत्येक टप्प्याचे दिनांकित छायाचित्र ठेवणे हे अस्सलपणाच्या रक्षणाचे सर्वांत स्वस्त साधन आहे.

(इ) परंपरेची कसोटी : मोटार कोणाकडून कोणाकडे, कधी व कशी गेली याची अखंड साखळी म्हणजे परंपरा. नोंदणी-पुस्तक, विम्याच्या पावत्या, कर भरल्याचे दाखले, स्पर्धेतील वेळ-पत्रके, तांत्रिक तपासणीच्या चिठ्ठ्या व जुन्या मालकांच्या साक्षी यांतून ती जुळते. साखळीत दहा वर्षांची पोकळी असल्यास तेवढ्यावरून दावा खोटा ठरत नाही. पण त्याच काळात दुसऱ्या एखाद्या मोटारीने तोच क्रमांक सांगितला आहे काय, हे पाहणे अगत्याचे ठरते. ओल्ड नंबर वनच्या खटल्यात अखंड साखळी व प्रतिस्पर्धी दाव्याचा अभाव याच दोन गोष्टी निर्णायक ठरल्या होत्या.

तीनपैकी एकच कसोटी उतरली, तर मोटारीला 'संभाव्य' म्हणावे. दोन उतरल्या, तर 'बहुधा अस्सल' म्हणावे. तिन्ही परस्परांना दुजोरा देत असतील, तरच निःशंक विधान करावे, अशी श्रेणी व्यवहारात ठेवता येईल.

भारतीय कायदा आणि रॅली-मोटार

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने जुन्या वाहनांना प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली खासगी वापराची दुचाकी व चारचाकी वाहने या नियमांत 'विंटेज' मानली जातात. त्यांच्या नोंदणी-क्रमांकात राज्याच्या संज्ञेनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षांसाठी वैध असते. अशा वाहनाचा नित्य वा व्यापारी वापर करता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन व देखभाल अशा कारणांसाठीच ते रस्त्यावर आणता येते. वाहनाची पात्रता समिती तपासते.

या नियमांतील एक अट येथे कळीची आहे. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि चॅसिस, बॉडी-शेल किंवा इंजिन यांत फेरफार होईल असा मोठा बदल त्यात झालेला नसावा, असे नियम सांगतो. घरगुती मोटारीबाबत ही अट रास्त आहे. परंतु बॉडी-शेलला जादा वेल्डिंग केलेली, इंजिनात त्या काळीच बदल केलेली अस्सल रॅली-मोटार या अटीत कशी बसणार? नियमाचा काटेकोर अर्थ घेतल्यास इतिहास पुसून कारखान्यासारखी केलेली मोटार पात्र ठरण्याची आणि इतिहास जपणारी अपात्र ठरण्याची शक्यता आहे. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ उत्पादकाने मूलतः दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कठोरपणेच लावला आहे. रस्त्यावरील सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यही आहे; मात्र चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी झालेला बदल आणि काल झालेला बदल यांत भेद करण्याची सोय त्यात दिसत नाही.

या पेचातून मार्ग दाखविणारी संकल्पना आंतरराष्ट्रीय व्यवहारात उपलब्ध आहे. १९६६ साली स्थापन झालेली 'फिवा' ही जुन्या वाहनांची जागतिक संघटना वाहनांचे वर्गीकरण करताना कारखान्याप्रमाणे असलेली वाहने आणि 'त्या काळातच बदललेली' वाहने असे वेगवेगळे वर्ग करते. तिने २०१२ साली स्वीकारलेली तुरीन सनद वाहनाच्या वापरकाळातील बदलांनाही त्याच्या इतिहासाचा भाग मानते. भारतीय समित्यांनी बदलाचे अस्तित्व न पाहता बदलाचा काळ पाहिला, तर अस्सल रॅली-मोटारींना न्याय मिळू शकेल.

प्रश्नाची निकड आणखी एका कारणाने वाढते. हिमालयन रॅली १९८० साली सुरू झाली आणि त्या दशकात भारतीय रॅली-क्रीडेने आकार घेतला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील पद्मिनी, १९८० च्या दशकाच्या मध्यास आलेली मारुती जिप्सी यांसारख्या मोटारी रॅलीसाठी सजविल्या गेल्या. १९८० साली प्रथम नोंदलेले वाहन २०३० मध्ये पन्नास वर्षांची मर्यादा ओलांडील, १९८५ चे २०३५ मध्ये. तोवर त्यांपैकी अनेक भंगारात जातील, आणि उरलेल्यांचे मोल वाढताच प्रतिकृतींना अस्सल म्हणविण्याचा मोह वाढेल. पुरावा देऊ शकणारे चालक, सहचालक व मेकॅनिक आज वयोवृद्ध झाले आहेत. दावा उभा राहील तेव्हा साक्षीदार नसेल, अशी ही स्थिती आहे.

निष्कर्ष

जुन्या रॅली-मोटारीचे अस्सलपण एखाद्या क्रमांकात, एखाद्या छायाचित्रात किंवा एखाद्या प्रमाणपत्रात साठविलेले नसते. कागद, धातू आणि परंपरा यांच्या परस्पर-साक्षीतून ते सिद्ध होते. रॅली-मोटारीच्या बाबतीत बदल हाच इतिहास असल्याने, बदल झाला काय यापेक्षा तो कधी, कोणी व कशासाठी केला, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

या कामात महाविद्यालयांना वाटा उचलता येईल. इतिहास विभागाने वृद्ध चालक व मेकॅनिक यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. रसायनशास्त्र विभागाला रंगाचे थर व गंज यांचा अभ्यास विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी देता येईल. वाणिज्य व विधी शाखेला मूल्यांकन व नोंदणीचे प्रश्न हाताळता येतील. पेण व रोहा येथील गॅरेजांत आज दुरुस्तीसाठी उभी असलेली एखादी साधी पद्मिनीसुद्धा या अभ्यासाचा पहिला धडा होऊ शकते. पत्रा कापण्यापूर्वी तिचे क्रमांक टिपून ठेवावेत, तळाचे छायाचित्र घ्यावे आणि काढलेल्या भागावर दिनांक लिहावा. मूर्तीचा तळ रंगविण्यापूर्वी पाहून ठेवला, तर पुढे तो खरवडून पाहण्याची वेळ येत नाही.